तीन चौकोनांचा रकाना

भिंगरी हुशार आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सरकारला मात्र माहीत नव्हतं, आणि ते सरकारला कळवावं असं तिच्या वडिलांना एका शनिवारी सकाळी वाटलं. इथपर्यंत कोणाचं काही चुकलं होतं असं म्हणता येणार नाही.

भिंगरीचे वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे छापायच्या आधी मजकूर वाचायचा आणि त्यातल्या चुका लाल पेनाने काढायच्या. हे काम बावीस वर्षं केल्यावर माणूस इतर काही करू शकत नाही. ते दुकानाच्या पाट्या दुरुस्त करत, लग्नाच्या पत्रिका दुरुस्त करून परत पाठवत, आणि एकदा तर त्यांनी बायकोने लिहून ठेवलेल्या किराणा यादीतल्या ‘साबुदाण्या’चा उकार पहिला की दुसरा यावरून अर्धा तास घालवला होता. इमारतीतले लोक त्यांना वेलांटीराव म्हणत. समोर नाही म्हणत असत, पण जिना पोकळ असल्यामुळे सगळं वर ऐकू येई.

त्यांच्या धंद्यात एक खूण आहे. एखादी दुरुस्ती केली आणि नंतर वाटलं की मूळचंच राहू द्यावं, तर त्या शब्दाखाली टिंबं टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, ‘असू द्या’. वेलांटीरावांनी ही खूण बावीस वर्षांत एकदाही वापरली नव्हती. चूक ती चूक, असू द्या कशाला? छापखान्यातली नवी पोरं ही खूण सर्रास वापरतात याचं त्यांना मनापासून वाईट वाटत असे.

तर त्या शनिवारी त्यांनी भिंगरीची गणिताची वही पाहिली. पाचवीतली मुलगी, दहा गुणाकार, दहाही चूक. अठ्ठेचाळीस गुणिले पंचवीस बाराशे, तर हिने लिहिले होते बाराशे दोन. छत्तीस गुणिले पंधरा पाचशे चाळीस, तर हिचे पाचशे त्रेचाळीस. बाईंनी खाली भलंमोठं शून्य काढून ‘लक्ष नाही’ असा शेरा मारला होता. वेलांटीरावांनी ते पान वरपासून खालपर्यंत नीट तपासलं. शब्दांत एकही चूक सापडली नाही.

“अगं, हे तोंडी करतेस ना तू? मग?”

“असंच,” भिंगरी म्हणाली.

“असंच म्हणजे?”

“बरोबर लिहिलं की बाई म्हणतात, झालं ना तुझं, आता हाताची घडी घालून बस. मग पाऊण तास बसायचं. चूक लिहिलं की निदान वेळ जातो.”

एवढं बोलून ती खेळायला गेली. वेलांटीराव वही हातात धरून बसले. पोरगी बिघडत नव्हती, विझत होती, आणि हे त्यांना शब्दांत सांगता येत नव्हतं म्हणून त्यांनी बायकोला नुसती वही दाखवली. बायको रुग्णालयात रक्त तपासायच्या विभागात होती. तिने पान पाहिलं आणि म्हणाली, “हिला काय हवंय ते मला माहीत आहे. आठवीच्या खिडकीत उभी असते ती मधल्या सुट्टीनंतर. पाणी प्यायला जाते म्हणून सांगते आणि दहा मिनिटं येत नाही.”

आठवीला गणित शिकवणाऱ्या सरांना दिसत नसे. फळ्यावर मुलं लिहीत आणि सर बोलत. सगळं बीजगणित ते तोंडाने शिकवत, त्यामुळे ते खिडकीबाहेरही स्वच्छ ऐकू येई. भिंगरीला त्या वर्गात बसायचं होतं, बाकी काही नको होतं. पण पाचवीतल्या मुलीला आठवीत बसवायचं तर कागद लागतो, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. कागद कुठला ते त्यांना माहीत होतं, कारण तो त्यांच्याच कपाटात होता. ‘प्रज्ञावंत विद्यार्थी साहाय्य धोरण’ नावाचं चौदा पानांचं परिपत्रक आलं होतं आणि सहा महिने ते कपाटाचा डुगडुगणारा पाय टेकवायच्या कामी आलं होतं. वेलांटीरावांनी ते घरी नेऊन वाचलं. त्यात एकतीस चुका निघाल्या. त्या त्यांनी पेन्सिलीने काढल्या, कारण सरकारी कागदावर लाल पेन चालवणं त्यांना धाडसाचं वाटलं.

धोरण चांगलं होतं. हुशार मुलाला पुढच्या वर्गात बसायची मुभा, मार्गदर्शक शिक्षक, पुस्तकं, सगळं त्यात होतं. फक्त आधी अर्ज करायचा होता.

अर्ज करायचा म्हटल्यावर वरच्या मजल्यावरचे मोजणीकाका खाली आले. काका भूमापक म्हणून निवृत्त झाले होते. अख्खी नोकरी जमिनी मोजण्यात गेल्यामुळे त्यांना सरकारी कचेऱ्यांचा दांडगा अनुभव होता आणि तो ऐकायला इमारतीत कोणी उरलं नव्हतं.

“फाइल जाड करा,” काका म्हणाले. “पातळ फाइल पंख्याने उडते. मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि काहीही दिलंत की पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही दिलंच नाही.”

“काका, जाड करायला आत घालू काय?”

“काहीही घाला. आत कोण बघतंय?”

वेलांटीरावांनी भिंगरीची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं घातली, लसीकरणाचं कार्ड घातलं, आणि तरी फाइल पातळच दिसली म्हणून मधे दोन पुठ्ठे घातले. मग अर्ज भरायला घेतला. अर्ज पाहून त्यांना जरा अभिमान वाटला, कारण तो त्यांच्याच छापखान्यात छापला होता. त्याचं मुद्रितशोधनही त्यांनीच केलं होतं. एकही चूक नव्हती. सातव्या रकान्यापर्यंत ते खुशीत होते.

सातवा रकाना होता ‘विद्यार्थ्याचा प्रकार’. त्यात चौकोन होते तीन, आणि एका चौकोनात एकच अक्षर लिहावे अशी खाली सूचना होती. ‘सामान्य’ हा शब्द त्यात नेमका बसत होता: सा, मा, न्य. ‘प्रज्ञावंत’ला चार लागत होते. वेलांटीरावांनी शब्द सगळ्या बाजूंनी मोजून पाहिला. चौकोनाबाहेर लिहावं तर नियम मोडतो, अक्षरं दाटीने बसवावीत तर हाताला वळण नाही. रकान्याची लांबी पाहणं हे मुद्रितशोधकाचं काम नव्हे, हे त्यांनी बायकोला दोनदा ऐकवलं.

“मी कुठे काय म्हणतेय?” बायको म्हणाली.

शेवटी त्यांनी शास्त्रशुद्ध मार्ग काढला. शब्दाचं संक्षिप्त रूप करताना पहिली अक्षरं घेऊन पुढे टिंब द्यावं, हा नियम आहे. त्याप्रमाणे पहिल्या चौकोनात ‘प्र’, दुसऱ्यात ‘ज्ञा’ आणि तिसऱ्यात ठसठशीत टिंब दिलं. ‘प्रज्ञा.’ त्यात तसूभरही चूक नव्हती, असं ते अजूनही म्हणतात.

अर्ज शाळेच्या भाऊसाहेबांकडे गेला. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे कारकून. एका बोटाने टंकलेखन करत, पण ते बोट तयार होतं. त्यांनी संगणकावर ‘प्रज्ञा’ असं टाइप केलं. संगणकाने त्या अक्षरांनी सुरू होणारे दोन प्रकार दाखवले. भाऊसाहेबांनी वरचा निवडला, कारण वरचा जवळ होता. वर्णमालेत च हा व च्या आधी येतो, आणि याला कोणाचाच इलाज नाही. वेलांटीरावांनी पोच मागितली, भाऊसाहेबांनी दिली, आणि मोजणीकाकांनी ती पोच स्वतः तपासून “आता निवांत झोपा” असं सांगितलं.

दीड महिन्याने शाळेत खोकं आलं. वेलांटीरावांना बोलावणं गेलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले, कारण आत पुस्तकं असणार आणि कदाचित दोन शब्द बोलावे लागणार असा त्यांचा अंदाज होता. मुख्याध्यापिकाबाईंनी खोकं उघडलं. आत घडीची पांढरी काठी, बोलणारं घड्याळ, आणि भोकांच्या पट्टीची ब्रेल पाटी, टोचणी आणि अक्षरांच्या तक्त्यासकट. वर पत्र होतं: ‘आपली पाल्या प्रज्ञाचक्षु असल्याची नोंद झाली असून...’

वेलांटीरावांनी पत्र वाचलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

“क्षू दीर्घ हवा,” ते म्हणाले.

मग त्यांनी ते परत वाचलं. मग खाली बसले. प्रज्ञाचक्षू म्हणजे ज्यांना दिसत नाही ते, हे सभेत वापरायचं मोठं नाव त्यांना चांगलं माहीत होतं. आपण दिलेलं टिंब त्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

“काय हो हे?” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “मुलीला चष्मासुद्धा नाही!”

“नोंद आहे म्हटल्यावर,” भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, “काहीतरी असेलच की.”

आणि हे ‘काहीतरी असेलच’ शाळेत पसरलं. दुसऱ्या दिवसापासून भिंगरीला पहिल्या बाकावर बसवलं. खेळाच्या सरांनी तिला धावायला मनाई केली. जिन्यावर दोन मुली तिचा हात धरून चालत, आणि वर्गातली सगळ्यांत जलद धावणारी मुलगी असल्यामुळे ती दोघींना ओढत नेई. इमारतीत मोजणीकाकांनी वेलांटीरावांना जिन्यात गाठून खांद्यावर हात ठेवला. “धीर धरा,” ते म्हणाले. “पण मला एकदाही बोलला नाहीत, याचं वाईट वाटतं.” वेलांटीरावांनी सगळी हकिगत सांगितली. काकांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि नंतर स्वतःच्या बायकोजवळ म्हणाले की बापाला अजून मान्य होत नाहीये.

भिंगरी मात्र खूश होती. सहा टिंबांत सगळी अक्षरं बसतात हे तिला कळलं तेव्हा ती जेवायचं विसरली. टोचणीने उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं, ही उलटापालट तिला फार आवडली. चार दिवसांत तिला लिहिता येऊ लागलं, आठव्या दिवशी डोळे मिटून वाचता. घरात जिथे तिथे टोचलेले कागद दिसू लागले. वेलांटीरावांना त्यातलं एक अक्षरही वाचता येईना, आणि घरात आपल्याला न वाचता येणारा मजकूर असणं ही त्यांच्यासाठी नवीन गोष्ट होती. ते एकदा कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले, तर भिंगरी म्हणाली, “बाबा, उलटा धरलाय.”

अर्थात चूक दुरुस्त करायची हे ठरलेलंच होतं. काठी आणि घड्याळ परत करायला ते विभागाच्या कार्यालयात गेले. तिथे कळलं की साहित्य द्यायची पद्धत आहे, परत घ्यायची नाही. खिडकीतल्या माणसाने ‘सुधारणा’ असं वर छापलेला फॉर्म दिला. वेलांटीरावांनी तो भरला. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला जोडला, त्यात ‘दृष्टी उत्तम’ असं लिहिलं होतं. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘नोंदीत सुधारणा व्हावी.’ पण हाही रकाना लहान होता, आणि ‘नोंदीत’ हा शब्द वरच्या ओळीत जाऊन शिक्क्याखाली दडला. पोच घेतली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ‘आपल्या पाल्येच्या दृष्टीत सुधारणा झाल्याचे सोबतच्या वैद्यकीय दाखल्यावरून समजले. विभागास आनंद होत आहे. सदर सुधारणा योजनेतून पुरविलेल्या साहित्यामुळे झाली असल्याने यशोगाथा म्हणून ती प्रसिद्ध करण्याचे योजिले आहे. तपासणी अधिकारी समक्ष भेट देतील.’

वेलांटीरावांनी पत्र बायकोच्या हातात दिलं. ती वाचून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. ते दुखावले. बावीस वर्षांत ज्याने दुसऱ्याची चूक सोडली नाही, त्याच्या एका टिंबाने मुलीची दृष्टी गेली होती आणि एका शब्दाने परत आली होती, आणि आता ते छापून येणार होतं. बहुधा त्यांच्याच छापखान्यात.

“हसतेस काय? पोरगी अजून पाचवीतच बसलीये,” ते म्हणाले. “काल परत दहापैकी शून्य.”

बायकोचं हसू थांबलं. मुद्दा तोच होता, आणि या सगळ्या धावपळीत तोच मागे पडला होता.

तपासणी अधिकारी बाई आल्या त्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीत सगळे जमले. अधिकारी बाई शांत होत्या. त्यांनी वेलांटीरावांची हकिगत पहिल्यापासून ऐकली, मधे एकदाही हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मुलीला दिसतंय ते ठीक. पण पाटी दिली आहे. तिचा वापर झाला का, हे मला लिहावं लागेल. नाहीतर साहित्य वाया घालवल्याचा ठपका शाळेवर येतो.”

ब्रेल वाचता येणारा शाळेत एकच माणूस होता. आठवीच्या सरांना बोलावलं. सर आले, खुर्ची चाचपून बसले आणि म्हणाले, “कोण आहे ती? खिडकीतली का? शेंगा खाते ती?”

भिंगरी लाजली. खिडकीत ती शेंगा खाते हे आईलाही माहीत नव्हतं.

“मी वर्गात सांगतो ती उदाहरणं ऐकतेस ना? गेल्या आठवड्यातली दहा आठवतात? उत्तरं टोचून दे.”

भिंगरीने पाटीत कागद घातला आणि खटखट टोचायला सुरुवात केली. कागद काढून तिने सरांच्या हातात दिला. सरांचं बोट पहिल्या ओळीवरून फिरलं.

“चूक,” सर म्हणाले.

दुसरी ओळ. “हेही चूक.”

मुख्याध्यापिकाबाईंनी अधिकारी बाईंकडे पाहिलं. वेलांटीरावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. “तिसरं चूक. चौथं चूक.” भाऊसाहेबांनी हळूच मान हलवली. आणि सरांचं बोट पाचव्या ओळीच्या अलीकडे थांबलं. त्यांनी हात उचलून घेतला.

“थांबा हं,” ते म्हणाले. “पाचवं अकराने चुकलं असेल.”

मग वाचलं. “अकराच! सहावं तेराने.” वाचलं. “सातवं सतराने. अरे वा!” सर मोठ्याने हसले. “दोन, तीन, पाच, सात, अकरा... पोरी, एकापासून का नाही सुरू केलंस?”

“एक ही मूळ संख्या नसते ना, सर.”

“आणि हे कशाला केलंस? बरोबर उत्तरं येतात ना तुला?”

“येतात.” भिंगरीने खाली पाहिलं. “मी जूनपासून असंच लिहितेय. कोणाच्या लक्षात येतं का बघत होते. कोणाच्याच आलं नाही.”

वेलांटीरावांना ते शनिवारचं पान आठवलं. बाराशे दोन. पाचशे त्रेचाळीस. ते पान त्यांनी वरपासून खालपर्यंत तपासलं होतं. पोरीने त्यात हाक मारून ठेवली होती आणि त्यांनी वेलांट्या बघितल्या होत्या. ते उगाचच खिडकीबाहेर बघू लागले.

“ही उद्यापासून माझ्या वर्गात,” सर म्हणाले.

“हो, पण कुठल्या नियमाने?” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांना फक्त नियम लागे.

अधिकारी बाईंनी धोरण उघडलं. “प्रज्ञावंत म्हणून बसवायचं तर समितीची शिफारस हवी. समिती अजून स्थापन व्हायची आहे. प्रज्ञावंत विद्यार्थ्यांची संख्या शून्य आहे, म्हणून समितीची गरज भासलेली नाही.”

“शून्य? अख्ख्या विभागात?”

“शून्य. प्रज्ञाचक्षू मात्र यंदा एकदम वाढले.” बाईंनी भाऊसाहेबांच्या संगणकाकडे पाहिलं. वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग पान उलटलं. “प्रज्ञाचक्षूंच्या भागात कलम सात आहे. ब्रेल जाणणारा शिक्षक ज्या वर्गाला शिकवतो, त्या वर्गात त्या विषयापुरतं बसायची मुभा. वर्ग कोणताही. शिफारस लागत नाही.”

“आणि नोंदीत सुधारणा झाली तर?” वेलांटीरावांनी विचारलं.

“मग ती प्रज्ञावंत. मग समिती.”

“पण हे खोटं होईल. ज्याला खरंच दिसत नाही त्याचं काही आपण...”

“माझ्या वर्गातला बाक कोणी अडवलेला नाही,” सर म्हणाले. “काठी आणि घड्याळ मात्र द्या माझ्याकडे. पलीकडच्या शाळेत एक मुलगी दीड वर्षं काठीची वाट बघतेय. तिला खरंच दिसत नाही, त्यामुळे तिची तपासणी अजून पूर्ण झालेली नाही. पाटी हिला राहू द्या. आणि तो शब्द एवढा मनावर घेऊ नका हो. मला चाळीस वर्षं प्रज्ञाचक्षू म्हणतायत. सभेत म्हणतात. रस्ता ओलांडताना कोणी म्हणत नाही.”

अधिकारी बाईंनी वेलांटीरावांचा सुधारणेचा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. “यावर नव्या समितीची बैठक पुढच्या वर्षी होईल तेव्हा निर्णय होईल. अर्ज चालू ठेवायचा की नाही, तेवढं लिहून द्या. मला चूक दिसलेली नाही. मी फक्त पाटीचा वापर तपासायला आले होते.”

अर्जावर वेलांटीरावांनी आपल्याच हाताने ‘प्रज्ञाचक्षू’वर काट मारून वर ‘प्रज्ञावंत’ लिहिलं होतं, सुबक अक्षरात. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. ते कागदावर टेकवलं. मोजणीकाका दारात उभे होते, कसे आले होते देव जाणे. मग वेलांटीरावांनी काट मारलेल्या शब्दाखाली एकेक टिंब द्यायला सुरुवात केली. सवय नसल्यामुळे पेन जरा जास्तच दाबलं गेलं. समासात लिहिलं, ‘असू द्या’. सही केली.

“पोच घ्या,” दारातून आवाज आला.

भिंगरीने कागद ओढून घेतला आणि उलटा केला. मागच्या बाजूला टिंबं उमटून वर आली होती. तिने डोळे मिटले आणि त्यांवरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा एकदा.

“बाबा, हे काय लिहिलंयत? याचा काही अर्थच होत नाही.”

“चुकलंय का?”

“हो! सगळंच चुकलंय.”

“असू दे,” वेलांटीराव म्हणाले.